‘शाब’ हा एक शब्द: देवगडातल्या एका विनोदी नाटकाचे दोन खेळ

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीत सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री मी लिहिलेलं दोन अंकी विनोदी नाटक झालं. पंधरा दिवसांनी तेच नाटक खाडीपलीकडच्या वाडीत झालं. गोष्ट तीच, नट तेच, पडदे तेच. लोक दोन्ही रात्री हसले, पण वेगवेगळ्या जागी. पहिल्या रात्री काही माणसं मधूनच उठून गेली, आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या रात्रीचं नाटक बदललं. कोकणात दर मे महिन्यात गावोगाव अशी नाटकं उभी राहतात. ती बसवणाऱ्यांच्या कामी यावी म्हणून ही हकिगत लिहिते आहे. वाडीचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

नाटकाची गोष्ट साधी आहे. नायक मुंबईत वाढलेला. आजोबांची हापूसची बाग बघायला तो कित्येक वर्षांनी गावी येतो. नायिका त्याच बागेतल्या नेपाळी राखणदाराची मुलगी. ती इथेच लहानाची मोठी झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. तिची मालवणी अस्सल, त्याची मोडकी. तो “माका भूक लागला” म्हणतो, ती “लागला नाय रे, लागली” म्हणून सुधारते, आणि तिथून दोघांचं जुळतं. मग त्याची आजी, त्याचे मुंबईचे आईवडील, तिचा बाप, गावचे चार शहाणे. शेवट गोड.

ही जोडी मी हवेतून आणलेली नाही. मोहोर धरायच्या आधीपासून आंबा उतरेपर्यंत आमच्या बागा नेपाळी माणसांच्या हातात असतात. फवारणी, वानरांपासून राखण, रात्रीचा पहारा, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबा काढणं, पेट्या भरणं, सगळं तेच करतात. रत्नागिरीकडच्या मच्छीमार बोटींवरही खलाशी म्हणून नेपाळी माणसं दिसतात. काहीजण बायकामुलांसह राहतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. इथल्या मातीचा आणि हवेचा तो मान होता. पण त्या मातीत रात्रभर बॅटरी घेऊन फिरणाऱ्या माणसावर आमच्या एकाही नाटकात कधी ओळ आली नव्हती. म्हणून मी लिहायला बसले.

दोन्ही रात्री मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होते. संहितेच्या समासात पेन्सिलीने खुणा करत होते: हशा आला की एक उभी रेघ, मोठा असला तर दोन, टाळी पडली की फुली. शिवाय वाडीतल्या एका मुलाने दोन्ही खेळ मोबाइलवर घेतले होते, त्यामुळे नंतर पडताळून बघता आलं.

पहिला खेळ

खळ्यात पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर चाकरमानी आणि गावची जाणती मंडळी, डावीकडे बायका. आणि अगदी कडेला, काजूच्या झाडाखाली, नेपाळी कुटुंबं. एरवी ती नाटकाला येत नाहीत. या वेळी माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तिठ्यावरचा फलक वाचला होता. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे आपल्या पाट्या त्यांना वाचता येतात. ‘विनोदी नाटक’ आणि खाली ‘बागेतल्या नेपाळी मुलीची गोष्ट’ हे वाचून त्यांनी आजूबाजूच्या दोनतीन बागांत निरोप दिला होता. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. विंगेतून मला ते दिसलं आणि फार बरं वाटलं.

नायकाच्या मोडक्या मालवणीला हशा येणार हे माहीत होतं आणि तो आला. गाववाले पोट धरून हसले. चाकरमान्यांमधली वडीलधारी माणसंही हसली आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलांकडे बघू लागली. विरार-डोंबिवलीहून आलेली ती पंधरासोळा वर्षांची मुलं मात्र मान खाली घालून बसली होती. रेकॉर्डिंगमध्ये एका बाईचा आवाज स्पष्ट येतो, “बघ, तुझाच अवतार.” त्या मुलाला ते लागलं असणार. मे महिन्यात त्याला वाडीतली पोरं दिवसभर चिडवतात, आणि रात्री रंगमंचावरही तेच. ही खूण मी तेव्हा केली नव्हती, नंतर केली.

सगळ्यांत निर्मळ हशा आजीच्या प्रसंगाला आला. आजी मुलीला विचारते, “तुमचो देव खयचो गो?”

“पशुपतिनाथ.”

“तो म्हणजे शंकरच मा?”

“होय.”

“मगे आमचो कुणकेश्वर कोण? देव एकच, घरां दोन.”

समासात इथे दोन रेघा आणि फुली आहे. काजूखालून शिट्टी आली. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत ही नेपाळी माणसं आपल्याबरोबर रांगेत उभी असतात, तेव्हा आजीचं म्हणणं कुणालाच नवं नव्हतं. आपल्याला जे आधीच ठाऊक आहे ते कुणीतरी मोठ्याने बोललं, याचा तो हशा होता.

मग घावण्यांचा प्रसंग. मुलाची आई मुलीची परीक्षा घ्यायला तिला घावणे घालायला लावते आणि स्वतः मात्र मुंबईत तयार पीठ आणते, असं उघड होतं. बायकांचा भाग इथे दणाणून गेला. पण एक बाई हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटल्या तेव्हा मी विचारलं. त्या गगनबावड्याकडून लग्न होऊन इथे आल्या, त्याला चाळीसएक वर्षं झाली. “मला सगळी घाटीण म्हणायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज पुढ्यात आली की रडाय यायचं. ज्वारीच्या भाकरीसाठी जीव तुटायचा. कुणी विचारलं न्हाई कधी.” त्यांच्या माहेरची भाषा मराठी, जात तीच, मधे फक्त एक घाट. तरी चाळीस वर्षांनी त्यांना नेपाळी मुलीच्या जागी स्वतः दिसल्या. हे नाटक इतक्या जवळच्या माणसाला लागू पडेल, असं लिहिताना माझ्या मनातही आलं नव्हतं. आज गावात राहून बाग करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, बाहेरून सुना येताहेत. पेज बघून रडू येणाऱ्या मुली अजून घराघरांत असतील.

पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका गाऱ्हाणं घालते. नायकाला देवळात गाऱ्हाणं घालायचं असतं, तो अडखळतो, आणि ही मागून सुरू करते: “बा देवा म्हाराजा, ह्यो मुंबयचो झिल आज तुझ्या पायाशी इलो हा. तेका आपली भाषा येणा नाय, ती तेच्या तोंडात घाल रे म्हाराजा!” आणि अख्ख्या खळ्यातून उत्तर आलं, “व्हय म्हाराजा!” ते संहितेत नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं. गाऱ्हाणं कानावर आलं की माणूस उत्तर देतोच, ते रंगमंचावरचं आहे याचं भान कुणाला राहिलं नाही. काजूखालूनही आवाज आला. माझी पेन्सिल थांबली.

दुसऱ्या अंकात नायिकेचा बाप पहिल्यांदा बोलतो. ही भूमिका आमच्याकडच्या सगळ्यांत तयार नटाकडे होती. ते दशावतारात काम करणारे, आणि दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. त्यांनी हात कपाळाला लावला, पाय आपटला आणि म्हणाले, “शाब जी!” खळं फुटलं. मग प्रत्येक वाक्यात ‘शाब’ आलं, ‘स’चा ‘श’ झाला, कमरेत वाकणं आलं, झोपेत शिट्टी वाजवणं आलं. यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. पण समासात मी मोठ्या समाधानाने रेघा ओढत गेले. त्या पानावर नाटकातल्या सगळ्यांत जास्त रेघा आहेत.

खेळ संपला तेव्हा काजूखाली कुणी नव्हतं. मला वाटलं, पहाऱ्याची वेळ झाली असेल.

दुसरी सकाळ

सकाळी ती विद्यार्थिनी दुधाची किटली घेऊन आमच्या दारावरून जात होती. मी विचारलं, नाटक आवडलं का. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आमचे पप्पा असे बोलणत नाय.”

ती तक्रार करत नव्हती. वर्गात मी फळ्यावर चुकीचं लिहिलं तर ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने सांगितलं. तिचे वडील खरोखरच असे बोलत नाहीत. ते इतकी वर्षं इथे आहेत की आमच्याशी मालवणीत बोलतात, आणि त्यांच्या मालवणीत हिंदी आमच्या चाकरमान्यांपेक्षा कमी असते. नाटकात मुलगी अस्सल मालवणी बोलते आणि तिला ती ज्या घरात, ज्या बागेत आली, तिथला बाप मात्र ‘शाब’ म्हणतो. ही विसंगती आम्हा कुणाला दिसली नाही, कारण हशा येत होता.

दिवसभर मी घरातच बसून होते. मनात एकच शब्द होता: रामागडी. आपले आजेपणजे मुंबईत गिरगाव-दादरच्या घरांत भांडी घासायला, पाणी भरायला राहिले, त्यांना मुंबईने दिलेलं नाव. शहरातल्या नाटका-सिनेमांतला कोकणी माणूस बरीच वर्षं असाच होता: खांद्यावर फडकं, नाकात आवाज, मालकाने हाक मारली की दचकणारा. लोक त्याच्या भाषेला हसत. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगमंचावर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. तिथेही लोक मालवणीलाच हसले, पण मालवणी माणूसच हसवत होता, स्वतःच्या तोऱ्यात, स्वतःच्या शिव्यांसकट. हसणाऱ्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हा फरक त्या नाटकाने आपल्याला शिकवला. आणि आमच्या खळ्यात आम्ही काजूखालच्या माणसांना रामागडी केलं होतं.

संध्याकाळी मी त्या नटांकडे गेले. ते आधी चिडले. “लोकांका हसवूक व्हया, बाई. तुमीच रेघो मारी होतात ना?” हे खरंच होतं. मी मुलीचं वाक्य सांगितलं आणि गप्प बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तेच म्हणाले, “माझो आजो गिरगावात लोकांची भांडी घाशी. शेटाची पोरां तेच्या बोलण्याची नक्कल करीत. गावाक इलो काय तो ता आमका करून दाखवी. आमका हसू येय. तेका येय नाय.”

दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर आम्ही दोघं बागेत गेलो. मी माफी मागितली. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी ती नीट ऐकून घेतली आणि चहा टाकला. आधी त्यांनी विशेष काही सांगितलं नाही. मग आमच्या नटांनी विचारलं, “तुमच्या पोरीक बघूक झिल इलो, तर तुमी तेका काय विचारशात?” यावर ते हसले आणि म्हणाले, नव्या गड्याला जे विचारतो तेच. आणि सांगायला लागले. असे आम्ही तीन संध्याकाळी गेलो. दुसरा अंक तिथे, आंब्याच्या बुंध्याशी, नव्याने बसला.

वाडीतले इतर आक्षेप

त्याच आठवड्यात माझ्या कानावर आणखी तीन गोष्टी आल्या. दोघा जाणत्यांनी सांगितलं की गाऱ्हाणं घालायचा मान ठरलेल्या घरांचा असतो, बाईने ते घालू नये, रंगमंचावरसुद्धा नाही. मला हे मान्य नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. पण नाटक ज्यांच्या खळ्यात होतं, ज्यांच्या पूजेला होतं, त्यांना डावलून मी पुढे जाणार नव्हते. दुसऱ्या खेळात नायिका मागून एकेक ओळ हळूच सांगते आणि नायक ती मोठ्याने म्हणतो, असं केलं. त्याने विनोद वाढला. पण खळ्यातलं “व्हय म्हाराजा” उशिरा आणि तुटक आलं. माझ्या मते नाटकाने तिथे काहीतरी गमावलं, आणि पुढच्या वर्षी मी त्यासाठी पुन्हा बोलणार आहे.

एका चाकरमान्याची शंका होती की परदेशी मुलीशी लग्न दाखवलं, उद्या पोलिसांचं लचांड नको. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे, नेपाळी माणसाला इथे राहायला आणि काम करायला मुभा आहे, हे सांगितल्यावर तो विषय संपला.

तिसरं बोलणं जास्त ठिकाणी ऐकलं: “आपल्याकडे असं कुठे घडतं? हे सगळं पिक्चरमधलं.” मी प्रत्येकाला रत्नागिरीला जायला सांगितलं. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथला थिबा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचं मन राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर बसलं. त्यांची मुलगी टुटू १९०६ मध्ये जन्मली, रत्नागिरीतच जगली, मराठी बोलली, मराठी माणसाशी संसार केला आणि २००० साली तिथेच वारली. राजाची नात रत्नागिरीच्या बाजारात मराठीत भाव करत होती. यात सगळं सुखाचं नव्हतं. गरिबी फार होती. पण ‘आपल्याकडे असं घडत नाही’ हे खरं नाही. आपल्याकडे ते शंभरावर वर्षांपूर्वी घडलं.

दुसरा खेळ

मेअखेर हवा कोंदलेली होती, पाऊस येतो की काय या धास्तीत खेळ तासभर आधी लावला. नेपाळी कुटुंबं येतील का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. ती आली. कडेलाच बसली.

दुसऱ्या अंकात आता मुलगा बघण्याचा कार्यक्रम होता. राखणदार बाप आंब्याखाली खाटेवर बसलेला, साध्या मालवणीत बोलणारा, आणि समोर मुंबईचा मुलगा उभा. बाप विचारतो, “वानर इलो तर काय करशील?” मुलगा म्हणतो, मोबाइलवर व्हिडिओ काढीन. “झेलो धर बघूया.” मुलगा तो क्रिकेटच्या बॅटसारखा धरतो. “ह्यो आंबो किती आणे तयार?” मुलगा गोंधळतो. बाप सांगतो, “चवदा आणे.” मुलगा खिशात हात घालतो आणि विचारतो, “चौदा आणे म्हणजे किती पैसे?”

झाडावर आंबा किती तयार झाला हे आपण आण्यांत सांगतो, सोळा आणे म्हणजे पुरता पिकायला आलेला. बागायतदारांचं गाव ते, इतकं हसलं की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. दोन रेघा, फुली. यातला प्रत्येक प्रश्न त्या वडिलांनी दिलेला होता. कडेला बसलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. पहिल्या रात्री लोक राखणदाराच्या बोलण्याला हसले होते. नट तोच, पण आता राखणदार हसवत होता.

मग नटांनी स्वतःहून एक वाक्य घातलं. मुलाची आई विचारते, इतक्या लांब कसे राहता हो घर सोडून? बाप म्हणतो, “माझी आवस थय मनीऑर्डरची वाट बघता. तुमची सासू हय बघी होती, तशीच.”

कुणी हललं नाही. या वाडीत पोस्टमनची वाट बघण्यात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या पुढच्याच रांगेत होत्या. समासात मी रेघ ओढली नाही, ‘शांत’ एवढंच लिहिलं आहे.

रेघा मोजल्या तर दुसऱ्या खेळात दुसऱ्या अंकाला हशे कमी आले. दोन्ही खेळ पाहिलेलं एक कुटुंब मला म्हणालं, “पहिल्यात जास्त मजा होती.” त्यांचं म्हणणं मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. हशा कमी होण्याचं दुसरंही कारण आहे: पहिला अंक मी तसाच ठेवला, आणि तो आता थोडा लांबलेला वाटतो. नायकाची मोडकी भाषा तर मी आणखी छाटणार आहे. विरारच्या त्या मुलाची खाली गेलेली मान मला आठवते. तोच मुलगा दुसऱ्या खेळाला खाडी ओलांडून आला होता आणि पडदे ओढायला थांबला.

खेळ संपल्यावर रंगमंचावरून त्या वडिलांचं नाव घेऊन आभार मानले. टाळी पडली तेव्हा ते उठले नाहीत, फक्त हात जोडले. मंडप आवरत असताना मात्र ते थेट आमच्या नटांकडे गेले. मला वाटलं, काही गोड बोलतील. ते म्हणाले, “पंप असो धरूचो नसता. पट्टो हय येता. तुमी उलटो घातलास.”

नटांनी नाटकातला फवारणीचा पंप पुन्हा पाठीला लावला. वडिलांनी पट्टा सोडवून खांद्यावरून नीट घेतला, नळी उजव्या हातात दिली, कोपर वर उचलून दाखवलं आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाले, अजून नाही, परत करा.